पोराचं बीपी ९६ होतं, तरी अँब्युलन्समध्ये चढवताना कोसळलं, माझं नक्की कुठे चुकलं?

बाँडवाला_एमओ:
ग्रामीण रुग्णालयात बाँडवर (सक्तीची सरकारी सेवा) डॉक्टर आहे, सर्जन नाही, रक्ताच्या स्टोरेजला त्या दिवशी दोनच पिशव्या होत्या. उसाच्या ट्रॉलीवरून पडलेलं ५ वर्षांचं पोरगं आलं, चाक उजव्या मांडीवरून गेलेलं, पोटही जरा टम्म. पल्स १५६, बीपी ९६/६०. म्हटलं चला, प्रेशर तरी आहे. वजन अंदाजाने १८ किलो धरलं. एनएस (साधं मिठाचं सलाईन) ३६० मिली दिलं, पल्स १४० वर आला, दहा मिनिटांत परत १६०. परत ३६०. रेफरची कागदपत्रं, नातेवाइकांचा गोंधळ, त्यात तिसरं ३६० पण गेलं आणि १०८ मध्ये चढवताना बीपी एकदम ५८, हातपाय बर्फ. पुढच्या हॉस्पिटलला पोचला तेव्हा हिमोग्लोबिन ४.८, अंगाचं तापमान ३४. स्प्लीन (प्लीहा) फाटलेली होती. पोरगं वाचलं, पण तिथल्या रजिस्ट्रारने फोनवर ऐकवलं की रक्त द्यायचं सोडून पाणी काय पाजत बसलात. मी तर २०-२०-२०, म्हणजे किलोला २० मिली सलाईन तीनदा, असंच पाठ केलं होतं. झोप लागत नाहीये खरं सांगायचं तर.

भूलवाली_ताई:
अरे आधी श्वास घे, पोरगं वाचलंय. तू पाठ केलंस ते चूक नव्हतं, जुनं झालंय. २०१८ च्या एटीएलएसमध्ये (अपघाताच्या रुग्णांवर उपचार शिकवणारा कोर्स) कोमट क्रिस्टलॉइडचा, म्हणजे सलाईनसारख्या द्रवाचा, २० मिली/किलोचा एकच बोलस (भराभर एकदम दिलेला डोस), तेवढ्याने भागलं नाही तर थेट रक्त, १० ते २० मिली/किलो.
आता हिशोब बघ. पोराच्या अंगात रक्त किलोला साधारण ८० मिली, म्हणजे याच्याकडे सगळं मिळून १४४० मिली. तू १०८० पाणी घातलंस. हिमोग्लोबिन पातळ होणार, गोठायचे फॅक्टर पातळ होणार, आणि खोलीच्या गारठ्यातलं सलाईन म्हणून अंग थंड होणार, थंड अंगात रक्त गोठत नाही, मग अजून रक्तस्राव. वरून नुसत्या एनएसने ॲसिडोसिस (रक्तातली आम्लता) वाढतो तो वेगळाच.
दुसरं, पोराचं बीपी फसवं असतं. एक तृतीयांश रक्त गेलं तरी ते नसा आवळून धरतं, आकडा छान दिसतो आणि मग एकदम दरीत. ५ वर्षांच्या पोराची खालची हद्द ७० अधिक दुप्पट वय म्हणजे ८०, पण त्या हद्दीची वाटच बघायची नाही. १५६ पल्स, गार पावलं, अंगठा दाबून सोडल्यावर रंग यायला तीन-चार सेकंद लागतात, रडायचं पोर गप्प पडलंय, इथेच शॉक कळतो. पहिल्या बोलसला पल्स उतरून परत चढला ना, तेव्हाच तुझ्या त्या दोन पिशव्यांतली एक लावायची होती आणि सर्जन असलेल्या ठिकाणी फोन टाकायचा होता.

रक्तपेढी_नाईट_ड्यूटी:
टेक्निशियन आहे. फुल क्रॉसमॅचला (पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळवून बघायला) आमच्याकडे पाऊण तास जातो, पण ग्रुप बघून त्याच ग्रुपची पिशवी दहा-पंधरा मिनिटांत निघते, डॉक्टरने इमर्जन्सी म्हणून लिहून सही दिली की. ग्रुपपण माहीत नसेल तर ओ निगेटिव्ह, पण ती आपल्याकडे मिळते कुठे, मुलगा असेल तर जीव वाचवायला ओ पॉझिटिव्ह चालते, मुलीला शक्यतो निगेटिव्हच, पुढे गरोदरपणात अडचण नको. आणि रक्त चढवायच्या आधी सँपल काढा हो, नाव लिहून, निम्मे लोक विसरतात आणि मग रात्री आम्हाला फोनवर शिव्या. लहान मुलाला असेल तर तसं सांगा, जुन्या पिशवीत पोटॅशियम वाढलेलं असतं, आम्ही त्यातल्या त्यात ताजी देतो. एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) वितळायला अर्धा तास धरा, शेवटी मागू नका.

सिस्टर_कॅज्युअल्टी:
सर, तुमचं ३६० कसं गेलं? मायक्रोसेटने (बारीक थेंबांचा सलाईन सेट) टिपटिप घातलं असेल तर बोलस म्हणूच नका. आम्ही थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावतो, ५० ची सिरींज, बाटलीतून ओढायचं आणि पोरात ढकलायचं, १८ किलोला सात सिरींज आणि वर थोडं. ढकलताना मोठ्याने मोजायचं, नाहीतर गडबडीत किती गेलं कुणालाच ठाऊक नसतं. रक्ताच्या लाईनला एनएसच ठेवा, आरएल (रिंगर लॅक्टेट सलाईन) नको, त्यातल्या कॅल्शियममुळे गाठी होतात. पिशवी उकळत्या पाण्यात घालू नका, पेशी फुटतात. वॉर्मर नसेल तर निदान पोराला तरी झाका, आमच्याकडे तपासायला कपडे काढतात आणि मग एक्स-रे होईपर्यंत तसंच उघडं, वर पंखा चालू.

वाद_घालणारा:
मग सलाईन द्यायचंच कशाला? आफ्रिकेतल्या २०११ च्या फीस्ट ट्रायलमध्ये बोलस दिलेली मुलं जास्त दगावली होती.

भूलवाली_ताई:
ती तापाने आजारी मुलं होती, मार लागलेली मुलं त्यात घेतलीच नव्हती. तो निकाल उचलून इथे चिकटवू नका. रक्त हाताशी नसेल तर १०-१० मिली/किलो देत दरवेळी परत तपासणं मला पटतं, पण पोराला कोरडं ठेवून बघत बसणं नाही. मोठ्यांमधलं बीपी मुद्दाम कमी ठेवायचं तंत्रसुद्धा पोरात नको, डोक्याला मार असेल तर अजिबातच नको.
बाँडवाल्या, अजून दोन गोष्टी. ट्रॅनेक्झॅमिक (रक्तस्राव कमी करणारं औषध) मार लागल्यापासून तीन तासांच्या आत, १५ मिग्रॅ/किलो, म्हणजे तुझ्या पोराला २७० मिग्रॅ, ५ मिलीत ५०० मिग्रॅ असलेल्या ॲम्प्यूलमधलं २.७ मिली, दहा मिनिटांत. पुरावा मुख्यतः मोठ्यांचा, २०१० च्या क्रॅश-२ ट्रायलचा, तरी आम्ही पोरांना देतो. आणि भराभर रक्त चाललं की पिशवीतलं सायट्रेट (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं) अंगातलं कॅल्शियम खातं, ते बघ. २४ तासांत ४० मिली/किलोच्या वर गेलं की मॅसिव्ह ट्रान्सफ्युजन, त्याच्यासाठी ७२० मिली, म्हणजे तीनेक पिशव्याच. तेव्हा नुसत्या लाल पेशी नाही, प्लाझ्मा आणि प्लेटलेट पण.

बाँडवाला_एमओ:
सिस्टर, मायक्रोसेटच होता. 🙏 आणि शिर मिळायलाच सात-आठ मिनिटं गेली, शेवटी २४ ची पिवळी (अगदी बारीक सुई) लागली.

भूलवाली_ताई:
सात मिनिटं?? दीड मिनिटात मिळाली नाही तर सुई थेट हाडात. गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या जरा खाली, आतल्या बाजूला सपाट हाड लागतं तिथे. ड्रिल नसेल तर बोन मॅरोची सुई चालते. फक्त याची उजवी मांडी मोडलेली, म्हणून डावा पाय. रक्त, औषधं सगळं जातं त्यातून.

बाँडवाला_एमओ:
सुई स्टोअरमध्ये आहे, सील पण फोडलेलं नाही. आज इंडेंट (मागणीपत्र) टाकून कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत आणतो. ५० च्या सिरींज पण.