फौजदारी कोर्टातले बदल: तुमच्या तारखेला काय फरक पडला?

जिल्हा न्यायालयात वीस वर्षं फौजदारी वकिली करते. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास आणि फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा नवा कायदा, आली. झडतीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, युक्तिवाद संपल्यावर ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल द्यायचा ठरला. पण बदल जमला की नाही हे आपण निकाली खटल्यांवरूनच ठरवतो. जबाब न देताच घरी गेलेला साक्षीदार त्यात धरला जात नाही. म्हणून विचारते: आधी काय व्हायचं, आता काय होतं, मोजून लिहा. कोर्टाचं, पक्षकाराचं नाव नको.

पंच (झडतीचा साक्षीदार), हमाली करतो
चोरीच्या जुन्या केसला सहा तारखा गेलो, पाचदा तसाच परत. एकदा आरोपीला आणायला गार्ड नाही, एकदा साहेब रजेवर. सहा दिवसांची मजुरी बुडाली. नव्या केसमध्ये समोरचे वकील म्हणाले, तुम्ही जागेवर नव्हताच. झडतीचा व्हिडिओ लावला, मी दिसलो, विषय संपला. हेलपाटे मात्र तिथेही चार.

निवृत्त शिरस्तेदार (कोर्टातला वरिष्ठ कारकून)
अकराव्या वित्त आयोगाच्या पैशातून जलदगती न्यायालयं निघाली, तेव्हा आमच्या इमारतीतल्या जलदगती कोर्टाला लघुलेखक आणि दोन लिपिक मिळाले ते शेजारच्या कोर्टातून उचलून. इकडे निकाल वाढले, तिकडे साक्षी रखडल्या. वरून माहिती मागवली ती फक्त जलदगतीची. दोन्हीकडचे रोजनामे, म्हणजे तारखेला काय झालं त्याच्या नोंदी, शेजारी ठेवून बघायला हवे होते, हे मला आजही टोचतं.

बालसाक्षीदारांसोबत जाते
व्हरांड्यात आरोपी दिसला आणि नऊ वर्षांच्या मुलीची वाचाच बसली. स्वतंत्र खोली झाल्यावर दुसरी मुलगी पाऊण तास बोलली.

कच्च्या कैद्याची बहीण
भाऊ चोरीच्या केसमध्ये आत होता. व्हीसीमुळे (तुरुंगातून व्हिडिओवर हजेरी) त्याची एकही तारीख गार्डअभावी बुडाली नाही, हे चांगलंच. पण मार बसल्याचं त्याने पडद्यावर सांगितलं नाही, शेजारी शिपाई उभा होता. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर नव्या संहितेच्या कलम ४७९खाली तुरुंग अधीक्षकांनीच कोर्टाला अर्ज करायचा असतो, हे आम्हाला उशिरा कळलं. तोवर चार महिने जास्तीचे झाले होते.

धागाकर्ती
ताई, तो हिशेब आम्हा वकिलांनीही ठेवायला हवा. घरचं कुणी आत असेल तर अटकेची तारीख, कलमं आणि दुसरा खटला आहे का, एवढं लिहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.