स्टेशनवर उतरलात, पुढे कसे जाता? अनुभव सांगा

लोकलच्या गर्दीवर बोलून बोलून कंटाळा आलाय. इथे फक्त जिना उतरल्यापासून घरापर्यंतचं किंवा ऑफिसपर्यंतचं लिहा. सुरुवात मीच करते.

मी डोंबिवली पूर्वेची. संध्याकाळी फास्ट आली की अख्खा लोंढा पुलावरून थेट शेअर रिक्षाच्या लाइनीत. मागे तीन, चौथा ड्रायव्हरला चिकटून अर्धा बाहेर, बेकायदा आहे हे त्यालाही माहिती नि आपल्यालाही, पण चौथा आल्याशिवाय रिक्षा हलत नाही. पाऊस पडला की भाडं दहाने वाढतं, कारण विचारायचं नाही. यूपीआयमुळे सुट्ट्यांची कटकट तेवढी गेली.

बीकेसीवाला : बीकेसीला, म्हणजे बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सला जायचं तर कुर्ल्याला उतरा नाहीतर बांद्र्याला, सकाळी मारामारी तीच. 310 नंबरची बस बीकेसीतूनच जाते, पण दाराला लोंबकळायची तयारी हवी. ऑक्टोबर 2024 ला मेट्रो 3 बीकेसीपर्यंत आली तेव्हा ऑफिसात सगळे म्हणाले, सुटलास रे! अरे पण मी येतो कल्याणहून, आणि ती मेट्रो कुर्ल्याला येतेच कुठे? नकाशावर जवळ दिसतं सगळं.

घाटकोपर-अंधेरी : माझं उलट आहे. 2014 च्या आधी 340 ने जायचो, साकीनाक्याला बस अशी अडकायची की लोक उतरून चालत पुढे निघायचे. आता मेट्रोत बसलं की वीसेक मिनिटांत अंधेरी. संध्याकाळी घाटकोपरच्या पुलावर रेटारेटी असते ती असतेच, तरी मी तक्रार करणार नाही.

ठाणेकर : सॅटिसला, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंचावरच्या बस-डेकला लोक कितीही नावं ठेवोत, रेल्वेच्या पुलावरून सरळ बसच्या डेकवर जाता येतं, रस्ता ओलांडायला लागत नाही. आईचे गुडघे दुखतात, तिला विचारा याची किंमत. मात्र रात्री उशिराची गाडी असली की वर बस नसते, आणि खालचा रिक्षावाला "लोकमान्यनगर? नाही जाणार" म्हणतो.

चर्चगेट : आमच्याकडे रिक्षाच नाही, भांडण मिटलं. नरिमन पॉइंटला शेअर टॅक्सी, नाहीतर पायी. मी पायीच.

डोंबिवली पश्चिम : @धागाकर्ती, पूर्वेला निदान लाइन तरी लावतात हो! आमच्याकडे जो आधी घुसेल त्याची सीट.