चौपाखी घराला मंगलोरी कौले किती लागतील?

असगोलीकर

नमस्कार. गुहागर तालुक्यातील आमच्या जुन्या चौपाखी (चारही बाजूंना उतरते पाखे असलेल्या) घराचे छप्पर या उन्हाळ्यात पूर्ण उतरवून वासे, रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) आणि कौले असे सगळेच नव्याने करावयाचे आहे. भिंतींचे बाहेरून माप ३० फूट बाय २४ फूट असून पागोळी चारही बाजूंना दोन-दोन फूट बाहेर येते, आणि पागोळीच्या पातळीपासून आढे (छपराचा माथा) ८ फूट उंच आहे. सुताराने १६०० कौले सांगितली, वखारीत २२०० सांगितली, आणि शेजारच्या एका वडीलधाऱ्यांच्या मते घराच्या जमिनीचे क्षेत्रफळ काढून त्याची दीडपट करावी, म्हणजे १०८० च झाली. घरची सुमारे ५०० जुनी कौले शाबूत निघतील असे वाटते. मे अखेरीस कौले कमी पडली तर त्याच मापाची पुन्हा मिळतील याची खात्री नसते, म्हणून हिशेब आधीच पक्का करावा अशी इच्छा आहे. कोणी रीतसर पद्धत सांगेल का?

माडबन

दीडपटीचा आडाखा मुळात चुकीचा नाही, पण तो छपराच्या क्षेत्रफळाला लावायचा असतो, जमिनीच्या नव्हे. आपल्या पागोळीसह माप ३४ बाय २८ फूट, म्हणजे ९५२ चौरस फूट होते. नुसत्या पागोळीनेच २३२ चौरस फूट वाढले. आता उतार धरू. रुंदीचा निम्मा भाग १४ फूट आणि उंची ८ फूट, म्हणून वाशाची तिरपी लांबी १४ व ८ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १६.१ फूट येते. १६.१ ला १४ ने भागले की १.१५ हा गुणक मिळतो आणि छपराचे खरे क्षेत्रफळ सुमारे ११०० चौरस फूट, म्हणजे ११ ब्रास ठरते. चारही पाख्यांचा उतार सारखा असेल तर घर दुपाखी असो वा चौपाखी, हे क्षेत्रफळ तेवढेच राहते, त्यामुळे चार पाख्यांची वेगवेगळी मोजणी करण्याची गरज नाही.

मंगलोरी कौल १६ इंच लांब दिसत असले तरी खाचा एकमेकांत बसल्यावर ते साधारण साडेबारा इंच बाय आठ इंच एवढीच जागा झाकते. त्या हिशेबाने एका ब्रासला १४४ आणि व्यवहारात १५० कौले धरतात. ११ ब्रासला १६५० झाली.

चौपाखी घराचा खरा जादा खर्च कोनवाशांवर (दोन पाखे जिथे मिळतात त्या कोपऱ्यांतल्या तिरप्या वाशांवर) होतो. प्रत्येक कोनवाशाच्या दोन्ही अंगांना दर ओळीत एक कौल तिरपे कापावे लागते. १६ ओळी आणि आठ कडा धरल्या तर १२८ कौले कापली जातील आणि त्यांतले सरासरी अर्धे वाया जाईल, म्हणून ६४ जादा धरावीत. वाहतुकीत व चढवताना होणाऱ्या फुटीसाठी वर पाच टक्के धरले की एकूण १८०० होतात. सुताराचा आकडा कापणी व फूट सोडून सांगितलेला दिसतो, तर २२०० एवढ्या छपराला जास्तच आहेत.

कोने (आढ्यावर व कोनवाशांवर सांधा झाकणारी कौले) मात्र विसरू नका. आपले आढे फक्त ६ फुटांचे असले तरी चारही कोनवासे प्रत्येकी सुमारे २१ फुटांचे आहेत, म्हणजे एकूण लांबी ९१ फुटांच्या आसपास जाते. याच मापाच्या दुपाखी घराला ती ३४ फुटांवर भागली असती. एकावर एक चढवून बसवल्यावर एक कोना साधारण फूटभर जागा झाकतो असे धरून १०० कोने घ्यावेत.

सुतारकाम_राजापूर

वरील हिशेब बरोबर आहे, पण साडेबारा आणि आठ हे आकडे डोळे झाकून घेऊ नयेत, कारण प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा असतो. वखारीतून अकरा कौले आणून सपाट जमिनीवर एकात एक अडकवून ठेवावीत, एकदा पूर्ण ताणून आणि एकदा पूर्ण दाबून पहिल्या कौलाच्या कडेपासून अकराव्याच्या त्याच कडेपर्यंत टेपने मोजावे, आणि दोन्ही मापांच्या सरासरीला दहाने भागावे. उभ्या रांगेत जे अंतर येईल तेच रिपांचे अंतर. ते अर्ध्या इंचाने कमी-जास्त झाले तरी एवढ्या छपराला साठ-सत्तर कौलांचा फरक पडतो. शिवाय आपल्या १६.१ फुटांत साडेपंधरा ओळी बसतात, आणि वरची अर्धी ओळ कापत बसण्यापेक्षा वासे तोडण्यापूर्वीच पागोळी पाच-सहा इंच वाढवून पूर्ण १६ ओळी साधलेल्या बऱ्या. पावसाच्या झडीपासून भिंतीलाही तेवढा आडोसा मिळतो.

जुन्या कौलांविषयी: मागच्या बाजूचा शिक्का पाहून एकाच कारखान्याची कौले वेगळी काढावीत, काथ्याच्या कुंच्याने शेवाळ घासावे आणि प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द आवाज आला तर त्यात न दिसणारी चीर आहे असे समजून बाजूला करावे. नवी आणि जुनी कौले एकाच पाख्यात मिसळू नयेत. खाचा जुळत नाहीत आणि नेमक्या त्या जागी पाणी आत येते. आपल्या एका बाजूच्या त्रिकोणी पाख्याला कापणी व फूट धरून सुमारे ३७५ कौले लागतील. तिथे जुनी वापरावीत आणि उरलेली शे-सव्वाशे पुढच्या शाकारणीसाठी पडवीत रचून ठेवावीत.

हर्णैकर

किनाऱ्यालगतच्या घरासाठी एक मुद्दा जोडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर भागात आले तेव्हा आमच्या दापोली तालुक्यातही असंख्य घरांची कौले उडाली. आमच्या घराची सुरुवातीला पागोळीच्या आणि कोनवाशांच्या कडेची कौले उचलली गेली आणि वारा आत शिरल्यावर मधली गेली. आपण नव्याने करीत आहात, तर पागोळीच्या दोन ओळी आणि कोनवाशांलगतची कौले तारेने रिपेला बांधून घ्यावीत. तारेसाठी भोक असलेली कौले मिळतात, ती खरेदीच्या वेळीच मागावीत. नवी कौलेही नेमकी हिशेबाइतकी न घेता पन्नास-साठ जादा घ्यावीत, कारण वादळानंतर सगळ्या गावाला एकाच वेळी कौले लागतात.

असगोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. एका पाख्याची ३७५ वजा करून १४२५, त्यात वरची ६० मिळवून १४८५, म्हणून १५०० नवी कौले आणि १०० कोने असा विचार आहे. समोरच्या पडवीचा उतार वेगळा आहे. तिचे वासे तिरपे ९ फूट आणि लांबी ३४ फूट आहे.

सुतारकाम_राजापूर

पडवीला ९ ओळी गुणिले ५१, म्हणजे ४५९ होतात, फुटीसह ४८० घ्यावीत. तिथे कोनवासा नसेल तर कापणीही नाही. मात्र उतार आधी मोजावा. फुटाला सहा इंचांपेक्षा कमी असेल तर पश्चिमेच्या वाऱ्याने पाणी खाचांतून उलटे चढते, आणि मग कौले वाढवून उपयोग नसतो. पडवीचे खांब थोडे उतरवून उतार वाढवावा लागेल.