ओळखीतून काम मिळतं, पण पैसे अडकले तर?

ओळखी वाढवल्या की काम आपोआप येतं, असं बरेच जण सांगतात आणि ते खरं आहे. भोसरीतल्या माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडला पहिली ऑर्डर शेजारच्या लेथवाल्यानेच दिली. त्याच्याकडे वेल्डिंग नव्हतं आणि माझ्याकडे टर्निंग, म्हणजे लेथवर धातू फिरवून कापायचं काम, नव्हतं. आजही एकमेकांकडे जॉब जातात, हिशोब एकाच वहीत.

पण पैसे अडकले तर काय, हे कुणी बोलत नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाने माझं बिल सात महिने लटकवलं. तेव्हा याच लेथवाल्याने विचारलं, "उद्यम नोंदणी केलीस का?" केली नव्हती! ही छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, ती ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे, एजंटला एक रुपयाही देऊ नका. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. नोंदणी मात्र माल पाठवायच्या आधी हवी, नंतरची त्या बिलाला लावताना वाद होतात. माझं ते बिल त्यातच अडकलं. आता प्रत्येक बिलावर उद्यम नंबर ठळक छापतो.