वेबमिन टाकलं पण पानच उघडत नाही

उबुंटू सर्व्हरवर वेबमिन (ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं टूल) टाकलं, एरर एकही नाही, सर्व्हिस पण चालू दिसतेय, पण ब्राउझरमध्ये आयपी टाकून पुढे १०००० पोर्ट दिला की नुसतं गोल गोल फिरतं आणि शेवटी टाइमआउट. कालपासून डोकं उठलंय.

> आधी फायरवॉल बघ, टर्मिनलमध्ये सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस मार (यूएफडब्ल्यू म्हणजे उबुंटूचं फायरवॉल टूल), १०००० दिसत नसेल तर अलाउ कर. पत्ता एचटीटीपीएसनेच टाक, सर्टिफिकेटची वॉर्निंग येईल, सेल्फ-साइन्ड म्हणजे सर्व्हरने स्वतःच बनवलेलं असतं ते.

> अरे पण सगळ्या जगाला उघडा नको ठेवूस, फक्त तुझ्या आयपीला दे.

> फायरवॉलच होता! २२ (एसएसएचचा, म्हणजे दुरून लॉगिनचा पोर्ट) सोडून सगळं बंद. आता लॉगिन आलं पण रूट (मुख्य अ‍ॅडमिन युजर) घेतच नाहीये??

> उबुंटूत रूटला मुळात पासवर्डच नसतो, तुझ्या सुडोवाल्या (अ‍ॅडमिनचे हक्क असलेल्या) युजरने जा.