एकटीने कॅम्परव्हॅन, लातूर ते अजिंठा: मुक्काम, संडास आणि बॅटरी

मांजराकाठची:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात लातूरहून एकटीने कॅम्परव्हॅन घेऊन निघायचं आहे. अंबाजोगाई, परळी, औंढा, नांदेड, मग जालन्यावरून वेरूळ-अजिंठा. ड्रायव्हर नाही. गाडी टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली, भाड्याची. ४० लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज, १०० एएच (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी, ५ किलोचा गॅस, ६० लिटरची पाण्याची टाकी. सोलर नाही, संडास नाही.
रात्री गाडी कुठे लावायची? संडासाचं पेट्रोल पंपांवर भागेल का? बॅटरी पुरेल का? 'एकटी कशाला जातेस' हे घरी ऐकून झालंय, इथे नको.

बालाघाटी:
ताई, आधी नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला की विम्यावाले हात वर करतील. आतलं बांधकाम आरसीवर चढलंय का तेही विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय गाडीत बदल चालत नाही आणि नाक्यावर नेमकं तेच काढतात.

मुक्कामाची जागा दुपारी चारपर्यंत फोनवर पक्की करा आणि साडेपाचला गाडी लावून मोकळ्या व्हा. कारण ऊस. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो आणि बीड, लातूर, परभणी, धाराशिव सगळीकडे तेव्हा तोड जोरात असते. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला, त्यात ऊस दोन्ही अंगांना बाहेर आलेला. समोरून डिपर पडला की पुढची ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. रात्री चालवायचंच नाही, विषय संपला.

जागा: नांदेडला गुरुद्वाऱ्याचं यात्री निवास, देवस्थानांची भक्तनिवासं, अजिंठ्याजवळ फर्दापूरला एमटीडीसी (राज्य पर्यटन महामंडळ). फोनवर 'खोली आहे का' असं विचारू नका. 'मी एकटी बाई आहे, आवारात गाडी लावून गाडीतच झोपायचं आहे, चालेल का' असं सरळ विचारा. काही ठिकाणी खोली घ्यायला लावतात. घ्या, मोरी मिळते. हे काही जमलं नाही तर २४ तास चालणारा, कंपनीने स्वतः चालवलेला पेट्रोल पंप. तिथे पोराला नाही, मॅनेजरला विचारायचं. कॅमेऱ्यासमोर लावा, पण टँकर खाली होतो त्या बाजूला नको. पंपाच्या आवारात गॅस पेटवायचा नाही, सिलिंडरची चावी बंदच ठेवायची.

गाडी कुठेही लावा, तोंड रस्त्याकडे आणि मुरमावर. काळ्या रानात कोरडं दिसलं तरी उतरू नका. डिसेंबरात एखादी अवकाळी सर आली की वरचा थर सुकतो आणि खाली चिकटा तसाच राहतो. टाच दाबून बघा: बुटाला गोळा लागला की समजायचं, एवढं वजन तिथून आपलं आपण निघणार नाही.

तारजोड्या:
बॅटरीचं. १०० एएच म्हणजे १२.८ व्होल्टला १२८० वॉट-तास, त्यातले हजार धरा. थंडीत फ्रिज दिवसाला ३०० ते ४०० खातो, दिवे, पंखा, मोबाईल आणि पाण्याचा पंप मिळून १०० ते १५०. म्हणजे गाडी न हलवता जेमतेम दोन दिवस. रोज तीन-चार तास गाडी चालणार असेल तर सोलर नसलं तरी अडत नाही, पण अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं वीज बनवणारं यंत्र) आणि मागची बॅटरी यांच्या मधे ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर हवा, तो व्होल्टेज आणि करंट आवरून मागची बॅटरी भरतो. नुसता रिले (दोन्ही बॅटऱ्या थेट जोडणारा स्विच) असेल तर दोन भानगडी होतात. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर गाडीची बॅटरी भरली की व्होल्टेज उतरवतो, त्यामुळे मागची बॅटरी अर्धवटच भरते. आणि ती रिकामी असली की लिथियम इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो. गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडून बघा: गाडीच्या बॅटरीजवळ फ्यूज दिसला पाहिजे आणि मागच्या बॅटरीजवळ दुसरा. एकच असेल तर तार घासली की ज्या टोकाला फ्यूज नाही तिकडून आग लागते.

इंडक्शन नेऊ नका. १५०० वॉटची शेगडी इन्व्हर्टरमार्गे १३० अँपिअरच्या पुढे ओढते. तुमच्या बॅटरीचं बीएमएस (बॅटरीतलंच संरक्षण करणारं सर्किट) बहुतेक १०० अँपिअरवर वीज कापेल आणि रात्री सगळाच अंधार होईल.

गोदाथडी:
ताई, पंपावरच्या संडासावर भिस्त ठेवू नका. दिवसा ठीक आहे. रात्री दोनला दार उघडून खाली उतरावं लागणं, एकटीच्या प्रवासात खरा धोका हाच. २० लिटरच्या टाकीचा पोर्टेबल संडास घ्या, एकटीला तीन-चार दिवस जातो. फक्त लघवीसाठी फनेल आणि घट्ट झाकणाची बाटली वेगळी ठेवली तर टाकी जास्त दिवस पुरते आणि वासही कमी, कारण दोन्ही एकत्र झालं की घाण सुटते. रिकामी करायची ती सार्वजनिक शौचालयात, विचारून, थोडं थोडं ओतून, वर बादलीभर पाणी. ओढ्यात किंवा बांधाला नाही.

दारं: सरकत्या दाराला आतून वेगळी कडी बसवून मागा. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक काढलेलं आहे ना ते बघा. ते लागलेलं असेल तर आतून दार उघडतच नाही, आणि गॅसने पेट घेतला तर तुम्हाला तेच दार लागणार. पलंगापासून ड्रायव्हरच्या सीटपर्यंत आतूनच जाता आलं पाहिजे. मधे पडदा चालेल, फळी नको. झोपताना किल्ली रोज एकाच जागी आणि सीटवर सामान नाही. काही खटकलं तर दार न उघडता गाडी चालू करून निघायचं आणि निघाल्यावर ११२ लावायचा.

गॅसच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं, एलपीजी हवेपेक्षा जड असतो. परभणीकडे थंडी कडक पडते म्हणून सगळं बंद करून शेगडीवर ऊब घेऊ नका. दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी लावा.

मांजराकाठची:
आभारी आहे. मिरचीचा स्प्रे ठेवावा का? आणि बाहेर पुरुषाचे बूट ठेवायची युक्ती?

गोदाथडी:
बूट चोरीला जातील, एवढंच. स्प्रे गाडीत मारला तर आधी तुमचेच डोळे जातील, तो बाहेर फिरतानाच्या पर्समध्ये. गाडीत हॉर्न पुरे, रिमोटला पॅनिकचं बटण असेल तर उशाशी.

बालाघाटी:
दिवस जुळवताना बघा, अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं, तेव्हा निघताना गॅस आणि इन्व्हर्टर बंद करा. आणि जॅकखाली ठेवायला फूटभर चौकोनी फळी घ्या. चाकाचे नट गॅरेजवाल्यांनी गनने आवळलेले असतात, तेव्हा पान्यावर चढवायला तीन फुटी लोखंडी पाइपही. निघण्याआधी दारातच एकदा चाक काढून बघा.