हेब्डन ब्रिज ते टॉडमॉर्डन : कालव्याकाठी चालत जावे का?

मुक्काम_लीड्स

नमस्कार. आम्ही उभयता सध्या मुलीकडे लीड्सला आलो असून सप्टेंबरअखेरपर्यंत येथेच आहोत. पश्चिम यॉर्कशायरमधील हेब्डन ब्रिज आणि टॉडमॉर्डन या शेजारच्या दोन गावांना जोडणारी कालव्याकाठची पायवाट फार सुंदर आहे, असे मुलीच्या शेजाऱ्यांनी सांगितले. दोन्ही गावांत रेल्वे स्थानक असल्यामुळे एका बाजूने चालत जाऊन गाडीने परत येता येईल, असा विचार आहे. माझे वय ६८ असून सौभाग्यवतींचा उजवा गुडघा चढावर कुरकुरतो. सपाट रस्त्यावर मात्र त्या माझ्यापेक्षा जास्त चालतात. अंतर नेमके किती आहे, पावसानंतर चिखल होतो का आणि कोणत्या गावापासून सुरुवात करावी, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे. नकाशावर नदी, कालवा, रेल्वे आणि मोटारींचा रस्ता असे चौघेही एकमेकांना खेटून चाललेले दिसतात, त्यामुळे वाट चुकेल का, अशीही एक शंका आहे.

हॅलिफॅक्सकर

काका, निर्धास्त जा. स्थानकापासून स्थानकापर्यंत साधारण सात किलोमीटर भरतात. रमतगमत, फोटो काढत गेलात तर अडीच तास धरा. ही वाट सायकल मार्गाचाही भाग असल्याने बऱ्याच ठिकाणी पक्की आहे. तरीही पावसानंतर पुलांच्या खाली डबकी साचतात आणि तेथील दगड निसरडे होतात, म्हणून चपलांऐवजी पकड असलेले बूट घालावेत. पाठीमागून सायकलची घंटा ऐकू आली की दोघांनी एकाच बाजूला सरकावे. आपल्याकडच्या सवयीने एक जण डावीकडे आणि एक जण उजवीकडे पळाला की सायकलस्वाराची पंचाईत होते.

माझ्या मते सुरुवात हेब्डन ब्रिजपासून करावी. स्थानकातून बाहेर पडून बागेच्या कडेने पाच मिनिटांत कालव्यावर पोहोचता येते आणि थोडे पुढे गेले की या वाटेवरचे माझे सर्वांत आवडते ठिकाण लागते. तेथे चार कमानींच्या दगडी पुलावरून कालवा कॅल्डर नदी ओलांडतो. पाण्यावरून पाणी नेणारा हा पूल वरून चालताना लक्षातही येत नाही. कठड्यापाशी थांबून खाली डोकवावे लागते. पुढे डाव्या हाताला डोंगरमाथ्यावर स्टूडली पाइकचा ३७ मीटर उंच मनोरा दिसत राहतो. नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ बांधलेला मूळ मनोरा १८५४ साली कोसळला. आज दिसतो तो १८५६ चा. तो जवळ भासला तरी त्या चढाच्या मोहात पडू नये.

टॉडमॉर्डनला पोहोचल्यावर १८७५ चा टाउन हॉल अवश्य पाहावा. लँकेशायर आणि यॉर्कशायर यांची जुनी सीमा बरोबर या इमारतीखालून वाहणाऱ्या ओढ्यावरून जात असे. १८८८ साली सीमा हलली आणि सारे गाव यॉर्कशायरात आले, पण दर्शनी भागावरील शिल्पात दोन्ही परगण्यांचे उद्योग अजून शेजारी शेजारी उभे आहेत.

पाटकरी

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून दोन वर्षांपूर्वी मुलाबरोबर ही वाट चाललो आहे. वरील माहितीत थोडी भर घालतो, कारण चौघे एकमेकांना का खेटले आहेत हे कळले की चालण्याची गोडी वाढते.

ही दरी इतकी अरुंद आहे की पेनाइन डोंगररांग ओलांडू पाहणाऱ्या प्रत्येकाला नदीचाच तळ धरावा लागला. आधी रस्ता आला, १८०४ साली मँचेस्टरपासून सोअर्बी ब्रिजपर्यंतचा रॉचडेल कालवा पूर्ण झाला आणि १८४१ साली जॉर्ज स्टीफन्सन यांच्या देखरेखीखालील मँचेस्टर-लीड्स रेल्वे सलग सुरू झाली. ज्या कालव्याने आधी मालवाहतूक मिळवली, त्याच्याच डोक्यावरून रेल्वेचे पूल गेले आणि पुढे तिनेच ती वाहतूक पळवली. १९५२ साली कायद्याने बंद झालेला हा कालवा २००२ साली पुन्हा नौकांसाठी सलग खुला झाला.

आपल्या माणसाला कालवा म्हटले की खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा आठवतो, म्हणजे किंचित उतार, वाहते पाणी, आवर्तन आणि शेतात जाणाऱ्या चाऱ्या. येथे तसे काहीच नाही. हे पाणी शेतीसाठी नसून नौका तरंगण्यासाठी आहे, म्हणून ते जवळजवळ स्थिर ठेवलेले असते आणि उंची चढायची ती पायऱ्यापायऱ्यांनी, म्हणजे लॉकमधून. नौका खालच्या दरवाजाने हौदात शिरते, दरवाजा मिटतो, वरच्या बाजूच्या झडपा उघडून हौद भरतात आणि पाणी समपातळीत आले की वरचा दरवाजा उघडतो. दरवाजाची दोन पाने प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला कोन करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. जादा पाणी शेजारच्या छोट्या सांडव्यावरून खालच्या टप्प्यात जाते. तो सांडवा पाहून मला घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

नौका चढो वा उतरो, दर वेळी हौदभर पाणी वरून खाली जाते. एवढे पाणी आणायचे कोठून, हा प्रश्न त्या काळीही होता. नदीच्या पाण्यावर गिरणीमालकांचा हक्क होता आणि ते ओरड करणारच, म्हणून कालव्याच्या कंपनीला डोंगरावर स्वतःचे तलाव बांधावे लागले. पाण्याचे भांडण कोणत्याही देशात सारखेच असते.

दिशेबद्दल मात्र हॅलिफॅक्सकरांशी सहमत आहे. हेब्डन ब्रिजहून निघाल्यास प्रत्येक लॉकचा उंच दरवाजा समोर येतो, फटींतून पाणी झिरपताना दिसते आणि रचना समजते. उलट दिशेने गेल्यास नुसता काठ दिसतो. अशी दहा-अकरा लॉक लागतात आणि प्रत्येकापाशी चार पावलांचा चढ असतो; वहिनींच्या गुडघ्याला तो जाणवू नये. टॉडमॉर्डनमधील लॉकचा एक दरवाजा पाने उघडणारा नसून सरळ वर उचलला जाणारा आहे, तेथे दोन मिनिटे थांबावे.

हॅलिफॅक्सकर

एक सूचना राहिली. आठवडाभर जोराचा पाऊस झाला असेल तर निघण्यापूर्वी पुराचा इशारा पाहून घ्यावा. २६ डिसेंबर २०१५ रोजी कॅल्डरचे पाणी दोन्ही गावांत शिरले होते. अशा वेळी अरुंद दरीत नदी आणि कालवा वेगळे ओळखू येत नाहीत.

मुक्काम_लीड्स

सर्वांचे आभार. काल जाऊन आलो. वाट चुकण्याचा प्रश्नच आला नाही, कारण रेल्वे कधी डोक्यावर तर कधी झाडीआड सतत सोबत होती.

पाटकरी साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे एका लॉकपाशी थांबलो, तो खालून एक लांबलचक नौका आली. तीत एकच बाई होत्या. त्यांनी खुणेने विचारताच आम्ही दोघांनी दरवाजाच्या लाकडी दांडीला पाठ टेकवून जोर लावला. आधी ती तसूभरही हलेना, कारण हौद पूर्ण भरला नव्हता. पाणी समान झाल्यावर मात्र तीच दांडी सौभाग्यवतींनी एकटीने ढकलली. एका जुन्या पुलाच्या दगडी कडेला नौका ओढणाऱ्या घोड्यांच्या दोरांनी पडलेल्या खाचा दिसल्या. आमच्या गावच्या विहिरीच्या काठावर पोहऱ्याच्या दोराने पडलेल्या खाचा हुबेहूब अशाच होत्या.

गुडघ्याने तक्रार केली नाही. आम्हाला एकूण तीन तास लागले आणि परतीच्या गाडीने तेच अंतर सात-आठ मिनिटांत कापले. पुढे जाणाऱ्यांसाठी एवढेच की मधल्या टप्प्यात बसायला बाक फार थोडे आहेत आणि दगड ओले असतात, तेव्हा पिशवीत एखादी जाड प्लॅस्टिकची पिशवी किंवा घडीचे आसन ठेवावे.